वेल्समधले लहान चर्च कसे पाहावे : पार्ट्रिशोचा वस्तुपाठ

वेल्समधल्या खेड्यातले जुने चर्च पाहताना आत शिरण्याची घाई करू नये. पोविस परगण्यात, ब्लॅक माउंटन्सच्या उतारावर असलेले पार्ट्रिशोचे संत इस्सुई चर्च यासाठी उत्तम वस्तुपाठ आहे. सुरुवात खालच्या ओढ्याजवळच्या झऱ्यापासून करावी. इस्सुई हा साधू इथेच राहत असे आणि एका वाटसरूने त्याची हत्या केली, अशी परंपरा आहे. अशा आडवाटेला चर्च का उभे राहिले, याचा उलगडा या झऱ्यापाशी होतो.

वर आल्यावर दक्षिणेच्या भिंतीलगतचा दगडी बाक आणि त्याच्यासमोरचा क्रूसाचा खांब एकत्र पाहावेत, म्हणजे प्रवचन उघड्यावरही होत असे हे ध्यानात येते. पश्चिम टोकाला, मुख्य इमारतीला जोडूनच पण स्वतंत्र दार असलेली खोली आहे. तिला वेल्श भाषेत ‘कबरीचे चर्च’ या अर्थाचे नाव आहे.

आत गेल्यावर आधी बाप्तिस्म्याचे दगडी कुंड पाहावे. त्याच्या काठावरच्या लॅटिन लेखात घडवणारा मेनहिर आणि त्या काळचा सत्ताधीश गेनिलिन यांची नावे आहेत. त्यावरून हे कुंड अकराव्या शतकातले मानले जाते, म्हणजे आजूबाजूच्या बऱ्याच भिंतींहून जुने.

सर्वाधिक वेळ मात्र सुमारे 1500 मधल्या ओकच्या कोरीव पडद्यासाठी, म्हणजे लाकडी आडभिंतीसाठी, राखून ठेवावा. लोकांची बसण्याची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये तो उभा आहे. समोरून पाहिल्यास तो नुसती नाजूक जाळी वाटतो. बाजूला सरकून, तिरप्या उजेडात आडव्या तुळईवर नजर फिरवावी, म्हणजे टोकाचा ड्रॅगन आणि त्याच्या तोंडात धरलेली लांबच लांब द्राक्षवेल, पानागणिक वेगळी दिसू लागते. मग वरचा सज्जा पाहावा. धर्मसुधारणेच्या, म्हणजे कॅथलिक प्रथा मोडून प्रोटेस्टंट पंथ रुजवण्याच्या काळात, 1550 मध्ये दगडी वेद्या आणि 1561 मध्ये असे सज्जे काढून टाकण्याचे आदेश निघाले, तरी इथे पडद्यापुढच्या दोन्ही वेद्या आणि सज्जा टिकून राहिले. माझ्या मते या चर्चचे खरे मोल कोरीव कामापेक्षाही या टिकून राहण्यात आहे. 1908-09 मध्ये दुरुस्ती करताना वास्तुविशारद विल्यम डग्लस कॅरो यांनीही जुन्याला फार धक्का लावला नाही. तरी प्रत्येक लाकडापाशी थांबून जुने कोणते आणि नव्याने बसवलेले कोणते, हे स्वतः ताडून पाहावे.

शेवटी वेदीकडे पाठ करून पश्चिमेची भिंत पाहावी. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कोयता, वाळूचे घड्याळ आणि फावडे घेतलेला सांगाडा रंगवलेला आहे. प्रार्थनेला बसलेल्यांची तोंडे पूर्वेकडे असत, त्यामुळे घरी जायला उठून वळेपर्यंत तो त्यांना दिसत नसे.