उथळ रॅम्पवरून स्थिर कीलची शिडाची बोट उतरवताना : माझा अनुभव

टेक्सासमधील लेक ट्रॅव्हिसचे पाणी दुष्काळात बरेच खाली जाते आणि तेव्हा आमची कॅटलिना २२ ही शिडाची बोट, जिच्या स्थिर कीललाच (तळाखालच्या, वर न उचलता येणाऱ्या जड पात्याला) सुमारे १.०७ मीटर पाणी लागते, ट्रेलरवरून तरंगत नसे. गाडी आणखी मागे घेतली, तर सायलेन्सर बुडू लागला. ढकलूनही बोट हलली नाही. दोन शनिवार वाया गेले.

शेवटी गाडी कोरडी ठेवून ट्रेलर खोल पाण्यात न्यायला उपयोगी पडला ६ मीटरचा जाड पॉलिएस्टर पट्टा. (नायलॉन ताणला जातो आणि तुटल्यास उसळून अंगावर येतो, म्हणून तो टाळला.) ट्रेलरची चाके पाण्याच्या कडेला आणून हँडब्रेक ओढला, दिव्यांची वायर काढली आणि ट्रेलरच्या चाकांमागे घट्ट उटी (चाके घरंगळू नयेत म्हणून लावायच्या पाचरी) लावल्या. मग पट्टा ट्रेलरच्या मुख्य चौकटीला व गाडीच्या हुकाला बांधला, पुढचे छोटे चाक खाली केले आणि त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडवला. गाडी पट्टा ताणला जाईपर्यंत पुढे घेऊन, उटी बाजूने काढून, अगदी सावकाश मागे आणली. बोटीचा मागचा भाग तरंगल्यावरच पुढच्या टोकाचा विंचपट्टा (बोटीला ट्रेलरवरील हातरहाटाशी बांधून ठेवणारा पट्टा) सोडला. रिकामा ट्रेलर त्याच पट्ट्याने वर ओढला आणि पुन्हा उटी लावूनच गाडीला जोडला.