शिवकाळ अभ्यासायचा असेल तर आधी तारखा लावायला शिका

शिवकाळाचा अभ्यास करायचाय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एखादी ऐतिहासिक कादंबरी वाच, नाहीतर दर रविवारी एक गड कर. कादंबऱ्या मलाही आवडतात आणि गडांवर माझा जीव आहे, पण सुरुवात तिथून करू नका. कादंबरीतला संवाद एकदा डोक्यात बसला की अस्सल पत्रातही माणूस तोच शोधत बसतो.

पायरी १. एकच प्रसंग निवडा. सुरतेची पहिली लूट, आग्र्याहून सुटका किंवा राज्याभिषेक. अख्खा शिवकाळ एकदम घेऊ नका.

पायरी २. त्या प्रसंगाबद्दल कोणी, कधी लिहिलं ते आधी वेगळं करा. सभासद बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, तीही शिवछत्रपतींचा काळ पाहिलेल्या माणसाच्या हातून. चिटणीस बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. दोघींना एकाच पारड्यात घालायचं नाही. बखरींशेजारी जेधे शकावली ठेवा. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली ही तिथीवार नोंदींची यादी अलंकाराविना बोलते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड विकत घेण्याची गरज नाही, मोठ्या ग्रंथालयात मिळतात.

पायरी ३. तारखा. सगळा अभ्यास इथे अडतो. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागला, आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. ‘तारखा पाठ करू नका, आशय समजून घ्या’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हेच ठरलेलं नसेल तर कारण आणि परिणाम कशाला म्हणणार?

सुरतेचंच घ्या. तिथे इंग्रजांची वखार होती आणि डचांचीही. इंग्रज तेव्हा ज्युलियन, म्हणजे जुनं युरोपीय पंचांग वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. डच ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते, तेव्हा दहा दिवस पुढे असलेलं पंचांग पाळत आणि वर्ष १ जानेवारीला बदलत. त्यामुळे महाराज सुरतेत शिरले तो दिवस इंग्रजी हिशोबानं ६ जानेवारी १६६३ आणि डच हिशोबानं १६ जानेवारी १६६४. दिवस एकच! आपण आज ६ जानेवारी १६६४ लिहितो, म्हणजे दिवस ज्युलियन आणि वर्ष मात्र आजच्या पद्धतीचं. इंग्रजी पत्रव्यवहारात जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चची तारीख दिसली की लगेच थांबा आणि संपादकानं वर्ष दुरुस्त केलंय का ते बघा. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतही सतराव्या शतकात हाच दहा दिवसांचा फरक पडतो.

मराठी कागदांचं गणित सोपं आहे, फक्त सवय लागते. शकात ७८ मिळवा. १ जानेवारीपासूनच्या तिथ्यांना, म्हणजे पौषाचा काही भाग आणि माघ-फाल्गुनाला, ७९. पत्राच्या सुरुवातीला ‘खमस सबैन व अलफ’ असं काही असेल तर तो शुहूर सन, म्हणजे अरबी आकडेशब्दांत लिहिलेलं वर्ष. खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४. जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६०० मिळवायचे, कारण हा सन मृगाला बदलतो. राज्याभिषेकापासून मोजलेला राज्याभिषेक शक मात्र ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. आणि उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपली श्रावण वद्य १२, म्हणजे आग्र्याहून सुटकेची तिथी, तिकडे भाद्रपद वद्य १२ होते. वद्य पक्षातली प्रत्येक तिथी दोनदा तपासा.

आता उपाय. वही आडवी धरून सहा रकाने आखा: कागदातली तारीख जशीच्या तशी, तिथी आणि शक, वार, ज्युलियन तारीख, ग्रेगोरियन तारीख, कुठून घेतली. सगळ्यात मोलाचा रकाना वाराचा. पंचांग कुठलंही असो, शनिवार हा शनिवारच राहतो. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, शनिवार. ज्युलियन ६ जून १६७४, ग्रेगोरियन १६ जून. मोबाईलवरच्या पंचांगानं १६ जून दाखवलं तर ते चुकलेलं नाही, ते ग्रेगोरियन मोजतंय. वार जुळला नाही तर मात्र हिशोबात कुठेतरी गडबड आहे, पुढे जाऊ नका.

पायरी ४. मगच गड. रायगडावर जगदीश्वराच्या देवळात पायरीवरचा हिरोजी इंदुलकरांचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ सगळे बघतात, फोटो काढतात आणि वळतात. तिथल्याच भिंतीतला संस्कृत शिलालेख वाचा. त्यात ‘षण्णवबाणभूमि’ असं आहे. षट् सहा, नव नऊ, बाण पाच, भूमी एक. असे आकडे उजवीकडून डावीकडे मांडतात, म्हणजे १५९६. पुढे आनंद संवत्सर दिलंय. राज्याभिषेकाचं वर्ष तुमच्यासमोर दगडात कोरलेलं आहे, आणि ते तुम्ही स्वतः वाचलंत! हे सुख कुठल्याही गाईडच्या गोष्टीत नाही.

पायरी ५. रायगडावरच्या राज्याभिषेक सोहळ्याला जरूर जा, पण त्या दिवशी गड बघायचा बेत ठेवू नका. गर्दीत शिलालेखापाशी उभंही राहता येत नाही. गड बघायला थंडीतला आडवार निवडा. रायगडावर सोहळा तारखेनं ६ जूनला होतो आणि तिथीनंही होतो. कुठला खरा, या वादात मी पडत नाही. तिथी आणि ज्युलियन तारीख मुळात एकाच दिवसाची दोन नावं आहेत, आज ती वेगवेगळ्या दिवशी येतात इतकंच. शिवजयंतीचंही तेच: फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०.

उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. तिथी ज्येष्ठ वद्य ९, शके १५९६. ही नोंद वहीत स्वतः लावून बघा, वार बुधवार आला पाहिजे.