लोणच्याची जुनी बरणी: या चुका टाळा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खान्देशात कैऱ्या फोडायची घाई सुटते. माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या उतरतात, ज्यांच्याकडे नाहीत ते भंगारवाल्याकडे धावतात. तिथे रंग बघतात, झाकण बसतं का बघतात. तडा कुणीच बघत नाही.

बरणीला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर जागेवर ठेवा. घरी आणल्यावर मिठाचं पाणी भरून दोन दिवस कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवायची. कागद ओलावला तर तडा आहे. भुसावळच्या माझ्या चुलतजावेला हे सांगितलं, तर म्हणाली, "काय व्हस त्याले!" आणि त्याच दिवशी लोणचं भरलं. पावसाळा लागेपर्यंत बरणीवर पांढरी भुकटी आली, बुडाखाली तेलाचा डाग, फडताळात खवट वास. केसाएवढ्या तड्यात खारं पाणी शिरतं, सुकलं की मिठाचे खडे धरतात आणि झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आतून उचलतात. तिच्या लोणच्यात त्या झिलईच्या कपच्या निघाल्या. सगळं उकिरड्यावर. वर मला विचारते, एमसील लावू का? नाही. अशा बरणीत छत्र्या ठेवा.

दुसरी चूक उन्हाची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवर तापलेली बरणी आणून लोक थेट नळाखाली धरतात, नाहीतर गार बरणीत उकळतं पाणी ओततात. भट्टीत १२०० अंश सोसलेली वस्तू आहे, असं मला ऐकवतात. अहो, भट्टी हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते! मी आदल्या दिवशी कोमट पाण्याने धुते, रात्रभर घरातच पालथी ठेवते, सकाळचं कोवळं ऊन देते आणि पूर्ण निवल्यावरच भरते. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी लोणचं विकत आणावं.

बुडाला झिलई नसते, तिथे ओल राहते. आधी तिथे हात फिरवा.

आतून वास मारणारी बरणी फुकट मिळाली तरी नको. चिनी मातीच्या बरण्यांत पूर्वी तेजाबही ठेवत.

हलकी, आतून रंगीत नक्षीची मातीची भांडी शोभेलाच ठेवा. त्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

लोखंडी पळी आत सोडू नका.

बरणीच्या तोंडावर दादरा कोरड्या सुती फडक्याचाच बांधा. आणि बरणी उचलताना एक हात बुडाखाली घाला, नुसत्या गळ्याला धरू नका.