वादकाशी बोलण्यापूर्वी: कोकणातील मुलाखतींचा अनुभव

दोन-तीन संगीतपरंपरा आपल्या वाद्यावर एकत्र आणणाऱ्या वादकांच्या मुलाखती मी गेली काही वर्षे रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत हिंडून घेत आहे. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून, मला उशिरा उमगलेल्या काही गोष्टी येथे लिहीत आहे.

पहिली मुलाखत कुडाळजवळच्या एका पेटीमास्तरांची होती. तरुणपणी ते दशावताराला रात्र-रात्र साथ करीत, लग्नसराईत बँडबरोबर जात आणि शेजारच्या चर्चमधील ऑर्गन त्यांच्या कानांवर लहानपणापासून होता. मी वहीत वीस प्रश्न लिहून नेले होते आणि त्यांतला पहिलाच होता, ‘मास्तर, तुम्ही फ्यूजनकडे कसे वळलात?’ ते म्हणाले, ‘वळलो नाही. कानावर पडले ते हातात आले.’ पुढच्या प्रश्नांनाही अशीच एका वाक्याची उत्तरे मिळाली. ओटीवर बसलेले त्यांचे थोरले बंधू शेवटी मला म्हणाले, ‘आधी आयक, मगे इचार.’ मी वही मिटली आणि मास्तरांना वाजवण्याची विनंती केली. पुढचे दोन तास ते वाजवत आणि मधूनमधून बोलत होते. मुलाखत खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली. ‘फ्यूजन’ हा शब्द जाहिरातीच्या फलकावर सोयीचा असला, तरी ज्याच्या घरात ही सगळी संगीते एकाच अंगणात वाढली, त्याला तो परका वाटतो. म्हणून तो शब्द मी आता वादकाने स्वतः उच्चारल्याखेरीज वापरत नाही.

त्याऐवजी विचारावे ते वाद्याविषयी, आणि तेही वाद्य जेथे अडते त्या जागेविषयी. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, येत नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे; आकाशवाणीने १९४०मध्ये तिच्यावर घातलेली बंदी तब्बल तीन दशके टिकली, त्यामागील कारणांत हेही एक होते. मी मास्तरांना विचारले, ‘मग मींडेच्या जागी तुम्ही काय करता?’ त्यांनी पायपेटी पुढे ओढली, एक पट्टी दाबून धरली, दुसरी अलगद दाबली आणि नेमक्या त्याच क्षणी भात्यावरचा पायाचा दाब इतका कमी केला की पहिला स्वर दुसऱ्यात विरून गेल्यासारखा वाटला. पायपेटीला भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. त्या मोकळ्या डाव्या हाताने ते चर्चमध्ये ऐकलेले स्वरगुच्छ (कॉर्ड) दशावतारी चालींखाली हळूच धरतात, हे मला त्या दिवशी दिसले. हे वीस प्रश्नांतून कधीच हाती लागले नसते.

भेटीपूर्वीचा अभ्यासही याच अंगाने करावा. ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकात झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा चमू उभा केला, तेव्हा त्यांच्या गिटारला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा बसवलेल्या होत्या आणि पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते, जेणेकरून तार ओढून मींड घेता यावी. विश्वमोहन भट्ट यांनी हवाईयन गिटारला चिकारीच्या (लयीसाठी मधूनमधून छेडायच्या) आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली. आपल्याकडचे घुमटही असेच बदलले आहे. मातीच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या जागी बकऱ्याचे कातडे आले. घुमटवादकाला या बदललेल्या आवाजाविषयी विचारून पाहावे, तो भरभरून बोलतो.

तालाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते सावंतवाडीच्या एका चमूने. तबला, बास गिटार, ड्रम आणि बासरी असा त्यांचा संच. ते रूपक ताल बसवत होते आणि आठवडाभर काहीतरी खटकत होते. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या असतात आणि एरवी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारी भरी (जोरकस मात्रा) येथे नसते. समच ‘खाली’च्या, म्हणजे हलक्या, मात्रेवर येते; पहिल्या ‘तीं’वर डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा, खर्ज नाद देणारा भाग) बोलत नाही. ड्रमवाल्या मुलाच्या अंगात मात्र ‘एक’ म्हणजे बास ड्रमवर पायाचा दणदणीत ठोका असे मुरलेले होते. सात दोघांचेही बरोबर होते, पण जेथे एकजण हात उचलत होता तेथेच दुसरा पाय आपटत होता. अखेर त्या मुलाने पायाचा ठोका चौथ्या मात्रेवर, डग्ग्याच्या ‘धीं’बरोबर नेला आणि समेवर केवळ हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) हलकेच मिटवली. मी तालमीला तीन दिवस नुसता बसलो होतो म्हणून हे पाहू शकलो. तेव्हापासून प्रत्येक चमूला मी विचारतो, ‘तुमचा एक कोठे आहे?’ एकाच चमूतील दोघे या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे देतात, आणि तेथून चर्चा आपोआप रंगते.

वेळेचे भान ठेवावे. शिमगा आणि गणपती या दिवसांत वादकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे साथीदार रात्री जागतात आणि दिवसा झोपतात. भाताची लावणी आटोपल्यावरचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, मात्र तेव्हा पाऊस असतो. दमट हवेत चामड्याची वाद्ये सुरातून उतरतात, पखवाजी वादीखालचे लाकडी गठ्ठे पुन्हा पुन्हा ठोकून सूर जुळवतो, डाव्या पुडीवर (कातडी तोंडावर) लावलेली कणीक बदलतो, आणि त्याला घाई करू नये. पत्र्याच्या छपराखाली ध्वनिमुद्रण करू नये. अशीच एक संपूर्ण मुलाखत मी पावसाच्या माऱ्यात गमावली आहे, आणि वहीतील टिपणांवरून जेवढी सावरता आली तेवढीच ती उरली.

लिहून झाल्यावर मजकूर वादकाला वाचून दाखवावा. सावंतवाडीच्या चमूविषयी मी लिहिले होते की ड्रमवादक समेवर पाय वाजवत नाही. त्या मुलाने ते वाक्य दोनदा वाचायला लावले आणि म्हणाला, ‘सर, वाजवत नाही असे नको. सोडतो असे लिहा.’ मी शब्द बदलला.