कैरोतलं सुहैमी घर बघायला जाताय? मग असं बघा

कैरोला जाणारे बहुतेक लोक पिरॅमिड, म्युझियम, खान अल खलीलीत थोडं शॉपिंग असं करून परत येतात आणि सुहैमीसारखी जुनी घरं राहूनच जातात. कोणी गेलंच तर लाकडी जाळीसमोर फोटो काढून पंधरा मिनिटांत बाहेर. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा, खोल्या जवळपास रिकाम्या, मग बघायचं काय? तर माझं म्हणणं एवढंच की अशा घरात दोन गोष्टींचा माग काढायचा, वारा कुठून येतो आणि कोणाला कोण दिसतं. बाकीची नक्षी, संगमरवर वगैरे ओघाने दिसतंच.

बाब अल फुतूह या १०८७ सालच्या वेशीतून आत शिरा. डावीकडे अल हाकिमची मशीद लागेल, ती १९८० च्या सुमारास दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी, म्हणजे आपल्या मुंबईत गादी असलेल्या त्यांच्या धर्मगुरूंनी, दुरुस्त करून घेतली, पाच मिनिटं आत डोकवायला हरकत नाही. मग अल मुइझ रस्त्याने सरळ पुढे, डावीकडे दर्ब अल असफर नावाची गल्ली, त्यात हे घर. १६४८ मध्ये अब्द अल वहाब अल तबलावीने बांधलं, १७९६ मध्ये हाजी इस्माईल चलबीने वाढवलं, आणि नाव मात्र लागलं शेवटी राहिलेल्या शेख अमीन अल सुहैमींचं.

दारातून आत गेलात की लगेच पुढे पळू नका. वाट सरळ चौकात जात नाही, वळून जाते, म्हणजे दार सताड उघडं असलं तरी गल्लीतल्या माणसाला आतलं काही दिसत नाही. मागे वळून बघा, तुम्हालाही गल्ली दिसणार नाही.

चौकात आलात की तख्ताबोश शोधा. चौकाला लागून तळमजल्यावर असलेली छपराखालची बसायची जागा, तिच्या पाठीमागे जाळी आणि जाळीपलीकडे मागची बाग. शक्यतो दुपारी जा आणि इथे खरंच बसा, मोबाईल बाजूला ठेवून. गंमत अशी की चौक लहान, उंच भिंतींमुळे सावलीत आणि गार, मागची बाग मोठी आणि उन्हात तापलेली, तिथली गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला चौकातली गार हवा या तख्ताबोशमधून ओढली जाते, पंखा नाही की काही नाही. मला विचाराल तर अख्ख्या घरात सगळ्यात हुशार जागा हीच, आणि लोक नेमके तिथून फोटो काढत पुढे जातात.

वर उत्तरेकडे तोंड करून उघडी कमानदार गॅलरी आहे, तो मकअद. कैरोत वारा बहुतेक उत्तरेकडून येतो म्हणून तोंड तिकडे, उन्हाळ्यात पुरुष मंडळी तिथे बसायची.

मोठ्या दिवाणखान्यात, म्हणजे काआत, आधी जमीन बघा. मधला भाग खाली, दोन्ही बाजू एक पायरी उंच. चपला मध्ये काढायच्या आणि बैठक वर. मग मान वर करा, मधल्या भागाचं छत केवढं उंच नेलंय बघा, गरम हवा तिथे जमते.

आता जाळी, मशरबिया. अगदी नाकाला लागेल इतक्या जवळ जाऊन बघा. लेथवर कातलेले छोटे छोटे लाकडी मणी आणि दांड्या एकमेकांत अडकवल्यात, खिळे न मारता, कारण त्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं-फुगतं, खिळे मारले असते तर तडकलं असतं. डोळ्यांच्या उंचीला वीण दाट, वर विरळ, म्हणजे खाली ऊन डोळ्यावर येत नाही आणि वरून वारा येतो. बायकांच्या वरच्या खोल्यांत तुम्ही उभे राहा आणि बरोबरच्या कोणाला तरी खाली चौकात पाठवा. तुम्हाला तो स्वच्छ दिसेल, त्याला तुम्ही दिसणार नाही. हे वाचून कळत नाही, करूनच बघा. फोटो मात्र आतून काळे येतात, एक्स्पोजर वाढवा.

मागच्या बागेत रहाट आणि जनावराने फिरवायचं मोठं जातं आहे, ते चुकवू नका, घर एवढं मोठं कसं चालायचं ते तिथे कळतं.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळंच जसंच्या तसं जुनं आहे असं समजू नका. १९९२ च्या भूकंपानंतर घराची मोठी दुरुस्ती झाली, ती २००० पर्यंत चालली, त्यामुळे काही लाकूड आणि गिलावा नवा आहे.

वेळ असेल तर इब्न तुलून मशिदीला चिकटून गायर अँडरसन म्युझियम आहे, दोन जुनी घरं एकत्र केलेली, तिथे फर्निचरसकट सगळं बघायला मिळतं. काआच्या वरच्या मजल्यावर कपाटाची दारं उघडली की मागे बायकांची लपलेली गॅलरी. पण दोन्ही एकाच दुपारी कोंबू नका, गायर अँडरसन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा आणि आधी इब्न तुलून बघून मग तिकडे वळा.