बैल घसरतो, संत्रं तरंगतं: ॲनिमेशन शिकताना या चुका टाळा

वरुड-मोर्शीकडची, दारव्ह्याकडची पोरं आता मोबाईलवर बघून बघून ॲनिमेशन शिकू लागली आहेत, याचा फार आनंद वाटतो. ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, त्यामुळे नागपूर-पुण्याचा क्लास लावल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही, अशी परिस्थिती राहिलेली नाही. पण काम बिघडलं की पहिला संशय कॉम्प्युटरवर जातो. रॅम कमी आहे, ग्राफिक्स कार्ड नाही वगैरे. खरा घोळ बहुतेक वेळा हिशोबाचा असतो: कोणती वस्तू किती फ्रेममध्ये (म्हणजे किती चित्रांत) कुठवर पोचली पाहिजे, हे आधी ठरवलेलंच नसतं. टू-डी असो की थ्री-डी, तिथे चुकलं तर महागडं मशीनही कामाला येत नाही.

संत्रं जमिनीजवळ येऊन तरंगतं

फांदीवर एक की-फ्रेम (वस्तूची जागा आपण स्वतः ठरवून दिलेली फ्रेम), जमिनीवर दुसरी, आणि मधलं सगळं कॉम्प्युटरवर सोडलेलं. ब्लेंडर अशा दोन की-फ्रेममधली गती सुरुवातीला आणि शेवटी आपणहून मंद करतं. म्हणून संत्रं खाली येता येता ब्रेक लावल्यासारखं हळू होतं. पडणाऱ्या वस्तूचा वेग तर खाली येईपर्यंत वाढत जातो. सारख्या वेळात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतं. सव्वा मीटरवरून पडायला अंदाजे अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ फ्रेम. ब्लेंडरमधला ग्राफ एडिटर (गतीची रेषा दाखवणारी खिडकी) उघडा, जमिनीवरची की-फ्रेम निवडा, व्ही दाबा आणि हँडल (रेषेला वळण देणारी दांडी) 'व्हेक्टर' करा. तिथे रेषेला टोक आलं पाहिजे. फांदीपाशी ती गोलच राहू द्या. टू-डीत ओनियन स्किन (आधीची-नंतरची चित्रं पुसट दाखवणारी सोय) चालू करून हेच हाताने करायचं: वरची चित्रं जवळजवळ, खालची लांब लांब.

संत्रं रबरी चेंडूइतकं चेपू नका, उसळीही जेमतेम द्या. जिथे चेपायचंच आहे तिथे रुंदी वाढली की उंची कमी झाली पाहिजे, नाहीतर वस्तू फुगल्यासारखी दिसते.

बैलाचे पाय

पोळा जवळ आला की प्रत्येकाला बैल करायचा असतो. माझं ऐकाल तर आधी तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी नंदी करा. पाय हलवायचे नसतात, आणि थ्री-डीतला एक मोठा धडा त्यात मिळतो: चाक एकदा पूर्ण फिरलं की नंदी चाकाच्या व्यासाच्या ३.१४ पट पुढे गेला पाहिजे. यापेक्षा कमी-जास्त झालं की चाक घसरताना दिसतं.

चालत्या बैलात नवशिके समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम उचलतात. ती दुडकी चाल झाली. शांत चालणारा बैल डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, अशा क्रमाने पाय टाकतो. पाऊस पडून गेल्यावर पांदणीत जाऊन खुरांचे ठसे बघा. पुढच्या पायाच्या ठशाजवळच मागचा पाय पडलेला दिसेल. पाऊल जमिनीवर टेकलेलं असेपर्यंत ते पडद्यावर जागचं हलता कामा नये. शरीर जितकं पुढे, तितकंच पाऊल शरीराच्या मानाने मागे. बैल घसरतो तो इथे.

धुऱ्यावर उभं राहून बैल आडवा जाताना मोबाईलने शूट करा, कॅमेरा पोटाच्या उंचीवर धरा. एक काळजी घ्या. मोबाईल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, ब्लेंडर मुळात २४ वर असतं. व्हिडिओतल्या १५ फ्रेम म्हणजे तुमच्या १२. फ्रेमचे आकडे उतरवू नका, सेकंद उतरवा. आणि फ्रेमचा दर पहिल्याच दिवशी ठरवा. मधेच बदलला तर आवाज एकीकडे, तोंड दुसरीकडे.

तोंडाचं निघालंच आहे तर, प्रत्येक अक्षराला वेगळं तोंड काढायला जाऊ नका, ते थरथरतं. 'मले काऊन सांगतं?' या वाक्यात 'म'ला ओठ मिटलेले दिसले पाहिजेत, निदान दोन फ्रेम, आणि आवाजाच्या किंचित आधी. पुढे 'का'ला तोंड उघडं, 'ऊ'ला ओठांचा चंबू. एवढ्यानेही वऱ्हाडी बोलणं ओळखू येतं.

नंदीच्या पाठीवर काळे डाग

बहुतेकदा पृष्ठभागाची दिशा उलटी झालेली असते. ब्लेंडरच्या एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबा.

लाईन गेली, रेंडर गेलं

रेंडर म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र काढणं. दहा सेकंदांच्या २४० फ्रेम. एका फ्रेमला दोन मिनिटं लागली तर आठ तास. आपल्याकडे आठ तास सलग लाईन राहीलच, असं धरून चालू नका. थेट एमपीफोर काढायला लावलं आणि मधेच लाईन गेली तर ती फाईल बहुतेक वेळा उघडतच नाही. म्हणून पीएनजी चित्रांची मालिका काढा आणि आउटपुटमधला 'ओव्हरराइट' बंद ठेवा. लाईन आल्यावर शेवटचं अर्धवट चित्र पुसून टाका आणि रेंडर पुन्हा सुरू करा. झालेल्या फ्रेम सोडून ते पुढचंच काढतं. सगळ्या फ्रेम झाल्या की ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये त्या ओढा, आवाज जोडा आणि मग एमपीफोर काढा. या शेवटच्या कामाला फार वेळ लागत नाही.