मॅटलॅबमधून पायथनची स्क्रिप्ट चालवताना

एखादे विश्लेषण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून, तपासून तयार असेल, तर ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये नव्याने लिहीत बसण्यापेक्षा तीच स्क्रिप्ट मॅटलॅबमधून चालवावी. त्यासाठी ‘सिस्टिम’ हे फंक्शन आहे. त्याला दिलेली कमांड ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि परत दोन गोष्टी मिळतात : कमांडचा निकाल सांगणारा आकडा आणि स्क्रिप्टने छापलेला मजकूर.

टर्मिनलमध्ये सुरळीत चालणारी स्क्रिप्ट मॅटलॅबमधून मात्र अडते, याचे कारण बहुधा वातावरणातील फरक हे असते. मॅकवर आयकॉनवरून उघडलेल्या ॲप्लिकेशनला शेलमधील (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) पाथच्या, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीच्या, सेटिंग्ज मिळत नाहीत, त्यामुळे नुसते ‘पायथन’ लिहिल्यास भलतेच इन्स्टॉलेशन सुरू होऊ शकते. म्हणून इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा पायथनचा प्रोग्रॅम) आणि स्क्रिप्ट या दोन्हींचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा संपूर्ण पत्ता, द्यावा आणि फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. लिनक्सवर मॅटलॅब स्वतःच्या लायब्ररींचे फोल्डर ‘एलडी लायब्ररी पाथ’ या व्हेरिएबलमध्ये घालते आणि पायथनची मॉड्यूल्स त्यांतील विसंगत आवृत्ती उचलून बंद पडतात. अशा वेळी ते व्हेरिएबल फक्त त्या कमांडपुरते रिकामे करावे.

माहितीची देवाणघेवाण सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या फाइलमधून) करणे सोपे असले, तरी डबल प्रकारची (मॅटलॅबमधील नेहमीची दशांश) संख्या तंतोतंत परत मिळण्यासाठी १७ सार्थ अंक लागू शकतात आणि तितके अंक लिहिले गेले नाहीत तर अचूकता नकळत घटते. मॅट फाइल (मॅटलॅबची स्वतःची डेटा फाइल) अधिक भरवशाची. आवृत्ती ७ मधील फाइल सायपाय या पायथन लायब्ररीचे ‘लोडमॅट’ वाचते, ७.३ ची फाइल एचडीएफ५ स्वरूपाची असल्याने तिच्यासाठी ‘एच५पाय’ ही लायब्ररी लागते. ‘लोडमॅट’ने वाचल्यास ५ घटकांचा आडवा व्हेक्टर पायथनमध्ये १ × ५ असा द्विमितीय ॲरे होऊन येतो, हेही ध्यानात ठेवावे. आउटपुट फाइलला दर वेळी ‘टेम्पनेम’ने नवे नाव द्यावे, म्हणजे स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली तरी मागच्या खेपेचे निकाल चुकून वाचले जाणार नाहीत.

निकालाचा आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. ० म्हणजे यश. इतर काहीही आल्यास मिळालेला मजकूर ‘एरर’ फंक्शनला देऊन प्रोग्रॅम तिथेच थांबवावा. मात्र स्क्रिप्टने अपवाद (चालू असताना उद्भवलेली चूक) पकडून नुसता संदेश छापला, तर अपयशातही ० च मिळतो, म्हणून अपवाद हाताळणाऱ्या भागात ‘सिस एक्झिट’ला १ देऊन बाहेर पडावे. कमांडच्या शेवटी अँपरसँड लावल्यास मॅटलॅब स्क्रिप्टसाठी थांबत नाही, पण मग स्क्रिप्टचे पुढे काय झाले ते या आकड्यावरून कळत नाही.

लहान हिशेब शेकडो वेळा करायचा असेल, तर प्रत्येक वेळी पायथन नव्याने सुरू होण्यातच वेळ जातो. तिथे पायथनची फाइल मॅटलॅबमधूनच चालवणारे, २०२१बी आवृत्तीपासून असलेले ‘पायरनफाइल’ वापरावे आणि पायथनची सेटिंग्ज ठरवणाऱ्या ‘पायएन्व्ह’मध्ये ‘आउट ऑफ प्रोसेस’ (पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणे) हा पर्याय निवडावा; त्यामुळे पायथन कोसळले तरी मॅटलॅब चालू राहते.